गावाचं दफ्तर कुणासाठी उघडं

जमिनीच्या कागदांत टिपण हा सगळ्यांत जुन्या कागदांपैकी एक, आणि माझ्या लेखी सगळ्यांत देखणा. एका सर्व्हे नंबराचं एक पान. शेताच्या मधून काढलेली एक लांब रेघ, तिला ठिकठिकाणी काटकोनात येऊन मिळणाऱ्या आखूड रेघा, आणि प्रत्येक रेघेवर मोडीत लिहिलेले साखळी-आणे. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तो एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आकृती प्रमाणात काढलेली नसते, पण आकडे इतके नेमके की शतक उलटल्यावरही त्यांच्यावरून नांगरात गेलेली हद्द पुन्हा जागेवर आणता येते. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार म्हणून निवृत्त झालो. पहिली मोजणी एखाद्या पक्षाला मान्य नसली की तीच जमीन पुन्हा मोजायची, हे निमतानदाराचं काम. बांधावर दोन भाऊ समोरासमोर उभे असतात आणि दोघांचाही विश्वास फक्त त्या जुन्या पानावर असतो, हे मी नोकरीभर पाहिलं. त्यामुळे या कागदांबद्दल मला जे वाटतं ते नुसतं सरकारी नोकराचं वाटणं नाही.

सार्वजनिक पैशातून गोळा केलेली माहिती सर्वांना मोकळी असावी, वेबवर ती सहज सापडावी, उतरवून घेता यावी, दुसऱ्याला देता यावी, असं हल्ली बोललं जातं. त्याला ओपन डेटा किंवा खुली विदा म्हणतात. बोलणारे बहुतेक तरुण असतात आणि ही गोष्ट इंटरनेटबरोबर आली असं धरून चालतात. आमच्या इंदापूर-बारामतीकडचं दफ्तर ज्यानं हाताळलंय त्याला तसं वाटणार नाही. माहिती पाहू देणं आणि माहिती नेऊ देणं यांत किती अंतर आहे, हा प्रश्न या दफ्तरात पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून आहे.

त्याआधी गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या घरी असे, रुमालात बांधलेला. कुलकर्णी वतनदार, त्यामुळे कागद गावाचा असला तरी ताबा घराण्याचा. काठी, पांड, बिघा, चाहूर ही मापं नावानं सगळीकडे एक, पण प्रत्यक्षात गावागणिक बदलणारी. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नव्या राज्यकर्त्यांना पहिली अडचण हीच आली, की सारा कुणावर किती बसवायचा हे कुलकर्ण्याला विचारल्याशिवाय कळत नव्हतं.

रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्यानं त्यावर पुस्तकातला उपाय काढला. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे धरायचे. पुणे आणि नगरकडच्या भागात १८२० च्या दशकाच्या अखेरीस त्याची पाहणी झाली, १८३० पासून दर लागू झाले, आणि काही वर्षांत शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मोजणी चुकीची होती, प्रतवारीत कारकुनांनी पैसे खाल्ले होते, आणि निव्वळ उत्पन्नाचे आकडे तर मुळातच धरता येण्यासारखे नव्हते. एखाद्या कोरडवाहू रानातून खर्च वजा जाता किती उरतं हे त्या रानाच्या धन्यालाही सांगता येत नाही. पाऊस दर वर्षी वेगळं सांगतो.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुका हाती घेतला आणि पद्धतच बदलली. मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो याच कारणासाठी, की जे मोजता येत नाही ते मोजण्याचा हट्ट त्यांनी सोडला. मातीची खोली मोजता येते, पोत हातानं कळतो, रंग डोळ्यांना दिसतो. तेवढंच त्यांनी लिहायचं ठरवलं. शेताचे कागदावर भाग पाडायचे, प्रत्येक भागात खड्डा घ्यायचा, खोली हातात मोजायची. पावणेदोन हात खोल, एकसारख्या बारीक पोताची काळी जमीन म्हणजे सोळा आणे. तिथून खाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन, आणि सगळ्यांत हलकी दोन आणे. त्यावर दोष बघायचे: चुनखड, वाळू, उतार, भुसभुशीतपणा, पाणी न मुरणं, वाहत्या पाण्याखाली येणं, उपळट असणं. एकेका दोषाला एकेक खूण, आणि एकेका खुणेमागे जमीन एक पायरी खाली. ही सगळी नोंद प्रतिबुकात राहिली. मी ती पानं पाहिली आहेत. ज्यानं खड्डा घेतला त्या माणसाचं नाव कुणाला आठवत नाही, पण अमुक नंबराच्या ईशान्य कोपऱ्यात मुरूम किती हातांवर लागतो हे त्यानं लिहून ठेवलंय, आणि विहिरीची जागा बघताना तो आकडा आजही उपयोगी पडतो.

सारा किती, हे मात्र शेताच्या उत्पन्नावरून काढलं नाही. आधीच्या वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजारपेठ किती लांब, हे बघून गावांच्या एका गटाला दर ठरवला आणि मग तो आण्यांच्या मापानं शेताशेतावर वाटला. तो ३० वर्षं कायम राहील असं वचन दिलं. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि कॅप्टन डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालानं हीच रीत सबंध मुंबई इलाख्याची झाली. आकारबंद, गावनकाशा, टिपण हे आमच्या कपाटांतले शब्द त्या रीतीतून रुजले.

आणि इथेच मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट घडली. जमाबंदीचे अहवाल सरकार छापू लागलं. कुठल्या तालुक्यात किती एकर लागवड, किती पड, किती सारा, किती विहिरी, किती बैल, हे छापील पुस्तकात आलं. छापण्याचा हेतू कारभाराचा होता, रयतेला माहिती द्यावी असा नव्हता. पण छापलेलं पुस्तक कुणीही वाचू शकतो.

इंदापूरची ३० वर्षं संपली आणि १८६७ च्या सुमारास फेरजमाबंदी झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, रेल्वे आली होती. त्या तेजीच्या हिशेबानं सारा वाढवला गेला. नंतर भाव कोसळले, सारा तसाच राहिला. २ एप्रिल १८७० ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचा कणा होते. सभेनं शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ मध्ये अहवाल काढला. सरकारच्या कागदाला रयतेच्या बाजूनं उत्तर देण्याची ही रीत पुढे १८७६-७७ च्या दुष्काळातही सभेनं चालू ठेवली. तेव्हा गावोगावच्या माणसांकडून माहिती मागवून तिनं सरकारी वृत्तांच्या शेजारी आपली वृत्तं ठेवली. सरकारनं १८७४ मध्ये वाढीवर मर्यादा घातल्या: तालुक्याला ३३ टक्के, एका गावाला ६६, एका खातेदाराला १००. खातेदाराचा सारा दुप्पट होऊ शकतो ही त्या काळची सवलत होती, यावरून आधी काय चाललं होतं ते समजावं.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा दंगा पेटला. सुपे बारामतीपासून फार लांब नाही. दंगेखोरांना हवे होते ते कर्जरोखे. सावकाराच्या पेटीतले कागद बाहेर काढायचे आणि जाळायचे, हे गावोगाव झालं. माणसांना इजा त्या मानानं फार कमी झाली. दंग्यांच्या चौकशी आयोगातले ऑकलंड कॉल्विन यांनी सारावाढीवर बोट ठेवलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सर्व्हेच्या कागदात सारा भरणाऱ्याचं नाव होतं. ती जमीन गहाण कुणाकडे, कसतो कोण, कूळ कोण, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. ते सावकाराच्या पेटीत होतं, आणि त्या पेटीत काय लिहिलंय हे ज्याच्या अंगठ्यावर ते लिहिलं त्यालाही ठाऊक नसे.

ही उणीव भरायला १९०३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या कायद्यानं हक्कनोंद सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच घातली गेली. त्यातून आपले गाव नमुने आले. सहा नंबरचा फेरफार, सातचा अधिकार अभिलेख, आठ-अ चा खातेदारांचा, बारा नंबरचा पिकांचा, चौदाचा पाणीपुरवठ्याच्या साधनांचा. सात आणि बारा एकाच कागदावर आले म्हणून सातबारा.

फेरफाराच्या रीतीत एक गोष्ट आहे, ती मला आपल्या सगळ्या महसूल कायद्यात सर्वांत लोकशाही वाटते. नोंद धरली की तलाठ्यानं तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, आणि १५ दिवस हरकतीची वाट बघायची. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय वरचा अधिकारी करतो. म्हणजे भाऊबंदकीतली वाटणी असो की विक्री, गावातल्या कुणालाही ती वाचण्याचा हक्क आहे. अक्षर येत नसलेल्यांसाठी चावडीत वाचन होई. लोक ऐकत, मध्येच कुणी म्हणे, त्या विहिरीत आमचाही आठवा हिस्सा आहे, आणि नोंद दुरुस्त होई. नोंद खरी राहण्यासाठी ती चारचौघांत ठेवायची, ही कल्पना गावानं संगणकाआधी कितीतरी वर्षं वापरली आहे.

हे झालं एका नोंदीचं. सगळ्या नोंदी एकत्र घेतल्या तर काय दिसतं, हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते डॉ. हॅरल्ड मॅन यांनी. ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि कानिटकर, सहस्रबुद्धे अशा सहकाऱ्यांबरोबर त्याचा माती-पाण्यापासून कर्जापर्यंत अभ्यास केला. १९१७ मध्ये तो छापला गेला. त्यातला एक तक्ता शेतीच्या अभ्यासकांना पाठ असतो. या गावात १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये साडेसतरा. १९१४-१५ मध्ये ७. दुसरा आकडा त्याहून बोलका. १५६ खातेदारांकडे ७२९ तुकडे होते, आणि त्यांतले ४६३ एकराहून लहान.

हे आकडे कुणी लपवलेले नव्हते. गावातल्या प्रत्येकाला आपल्या वाटणीचं ठाऊक होतं. पण कुणीही एकदम सगळे घेऊन बेरीज केली नव्हती, म्हणून दीडशे वर्षांत काय झालं हे कुणाला दिसलं नव्हतं. माहितीचं बळ कितीदा अशा बेरजेत असतं, आणि बेरीज करायला सगळा गठ्ठा हातात लागतो.

आणि एकदा तक्ता छापला की तो एकट्या मॅनचा राहत नाही. लहान धारणांवर त्या काळी मोठी चर्चा सुरू झाली. १९१८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला, त्यांच्या सुरुवातीच्या लेखनांपैकी तो एक. इतर लोक म्हणत होते तुकडे जोडा, धारणा मोठी करा. बाबासाहेबांनी छापील आकडेवारी घेऊन वेगळंच विचारलं: जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरवता येईल का? तिच्यावर लावायला भांडवल, बैल, अवजारं किती आहेत ते बघा. शेतीवर नको तितक्या माणसांचा भार आहे, आणि खरा उपाय उद्योग वाढवण्यात आहे. एकच आकडेवारी सर्वांसमोर असली की तिच्यातून दोन अर्थ निघतात आणि दोन्ही तपासता येतात. पुढे १९४७ मध्ये तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा झाला, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि आमच्या खात्याला पुढच्या काही पिढ्यांचं काम मिळालं.

मी नोकरीला लागलो तेव्हा कायद्यानं सगळं उघडंच होतं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत जमिनीचे नकाशे आणि अभिलेख नियमांनुसार लोकांना पाहायला खुले असल्याचं स्वतंत्र कलम आहे. प्रत्यक्षात तलाठ्याकडे पाच-सात गावं, दफ्तर त्याच्या सोयीच्या गावी, आणि उतारा हवा तर त्याच्या बाजाराच्या दिवशी गाठायचं. उतारा हातानं लिहायचा, त्यामुळे लिहिणाऱ्याचा वेळ हीच खरी किंमत. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय: कर्जाच्या शेवटच्या तारखेला सातबाऱ्यासाठी ताटकळलेला शेतकरी, आणि पिकांच्या पंचनाम्यापासून निवडणुकीपर्यंत सगळं अंगावर असलेला तलाठी. कायद्यानं दार उघडलं होतं, पण आत एकच माणूस बसलेला होता.

शेजारच्या कर्नाटकानं यात पुढाकार घेतला. तिथल्या भूमी योजनेत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकावर आल्या आणि तालुक्याच्या खिडकीत १५ रुपयांत उतारा मिळू लागला. ते २००१-०२ चं. महाराष्ट्राला जास्त वेळ लागला, आणि मला वाटतं त्याचं मोठं कारण आपल्या नोंदींची गुंतागुंत. एकाच गटात पाच पिढ्यांचे वारस, आणेवारीनं लिहिलेले हिस्से, कंस केलेली नावं, खोडाखोड. हे सगळं टंकताना चुका झाल्याच. म्हणून २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली आणि संगणकावरचा सातबारा गावात वाचून दाखवला गेला. लोकांनी नाव, क्षेत्र, हिस्सा दुरुस्त करून घेतले. जुनी रीत नव्या यंत्राला अशी उपयोगी पडलेली पाहून मला फार बरं वाटलं. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, घरबसल्या मिळणारा. अडीच कोटींच्या आसपास सातबारे वेबवर आहेत. चावडीत लागणारी फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’ या नावानं वेबवर लागते, म्हणजे मुंबईला गेलेल्या भावालाही १५ दिवसांच्या आत कळतं की गावात काय चाललंय. भावकीतले किती वाद एवढ्यानं टळले असतील! १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावरून पिकाचा फोटो भरतो.

हे काम मोठं आहे आणि ते करणाऱ्यांचं ऋण मी मानतो. म्हणूनच पुढचं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबर टाकून सातबारा दिसतो. आडनाव टाकूनही दिसतो. म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, त्या गावाशी काहीही संबंध नसलेला माणूस एखाद्या आडनावाची सगळी जमीन बघू शकतो. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुठल्या सोसायटीचा किती बोजा आहे तोही वाचू शकतो. चावडीत हे उघडं होतं तेव्हा वाचणारे गावातले होते. त्यांना ते माहीतच असे, आणि कोण वाचतंय हेही गाव बघत असे. वेबवर वाचणारा कुणाला दिसत नाही. विधवा बाईच्या नावावर नुकतीच वारसानं आलेली जमीन कुठे आहे हे शोधणाऱ्या माणसाला ही सोय झाली आहे, आणि असे लोक असतात हे मोजणीच्या कामात मी पाहिलंय.

उलट, त्याच गावात ऊस किती एकर आहे, विहिरी किती, पड किती, एकराच्या आतले तुकडे किती, हे विचारलं तर उत्तर एका ठिकाणी मिळत नाही. प्रत्येक गट वेगळा उघडायचा, प्रत्येक वेळी पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची. सगळा गाव एका फाइलीत उतरवून घेण्याची सोय नाही. जुने फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन होऊन वेबवर आलेत, पण ती चित्रं आहेत. चित्रातल्या आकड्यांची बेरीज होत नाही. केंद्र सरकारचं माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ चं आहे. सार्वजनिक पैशातून जमवलेली, संवेदनशील नसलेली माहिती माणसाला वाचता येईल आणि यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात द्यावी, असं ते सांगतं. त्याच वर्षी सरकारचं डेटा पोर्टल सुरू झालं, २०१७ मध्ये त्या माहितीच्या वापराचा परवानाही ठरला. माणसाची नावं आणि कर्ज संवेदनशील, मातीची प्रत आणि पिकाचं क्षेत्र तसं नाही, एवढा भेद आम्ही वेबवर नेमका उलटा केला आहे.

निवृत्तीनंतर आमच्या गावानं पाण्याचा ताळेबंद करायचा ठरवला तेव्हा हे मला नीट समजलं. पुतण्याची मुलगी कॉलेजात शिकते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी गट नंबर एकेक उघडून पीक, क्षेत्र आणि पाण्याचं साधन एका तक्त्यात उतरवलं. उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. नावाचा रकाना मी पहिल्याच दिवशी काढायला लावला. पाण्याच्या हिशेबाला नाव लागत नाही. बेरीज आली तेव्हा विहिरी गावात दिसतात त्याहून कितीतरी जास्त निघाल्या. कारण साधं होतं. सामाईक विहीर प्रत्येक हिस्सेदाराच्या गटात लिहिलेली असते. कागदावर ती चार ठिकाणी, रानात एक. मुलींनी मग ग्रामसभेत गट वाचून दाखवले, लोकांनी कुठली विहीर कुणाबरोबर ते सांगितलं, आणि तक्ता खरा झाला. त्याच बैठकीत बोअर किती जणांनी नोंदवल्याच नाहीत हेही निघालं.

तो तक्ता तिनं वेबवर ठेवला, कुणीही वापरावा म्हणून. मी एवढंच सांगितलं, की वर चार ओळी लिही: माहिती कुठून घेतली, कोणत्या हंगामाची, रकान्यांचा अर्थ काय, आणि काय दुरुस्त केलंय. टिपणावर मोजणीदार साल आणि माप लिहितो ते याचसाठी. माप लिहिलं नाही तर पुढचा माणूस साखळी ३३ फुटांची धरेल की ६६ फुटांची, कोण जाणे. शेजारच्या गावातल्या दोघांनी तो तक्ता उतरवून घेतला आणि आपल्या गावाचा तसाच करायला घेतला. एका मुलानं गावसीमा मिळवून तो नकाशावर बसवला. अशा गावसीमा जमवून सर्वांना खुल्या करणारे लोक आपल्या देशात आहेत. बंगळुरूत २०११ मध्ये सुरू झालेल्या डेटामीट या गटानं अनेक राज्यांच्या गावसीमा अशाच वेबवर ठेवल्या आहेत. नकाशांवरची जुनी बंधनं सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये पुष्कळ सैल केली, त्यानं हे काम आणखी सोपं झालं आहे.

माझी मागणी मोठी नाही. गावनिहाय एक फाइल: गट नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा, हंगामवार पीक, पाण्याचं साधन. नावं नाहीत, बोजे नाहीत. वर्षातून दोनदा, ई-पीक पाहणी संपली की. ही सगळी माहिती आज सरकारच्या संगणकावर रकान्यांत भरलेलीच आहे, कुणाला पुन्हा शेतात जावं लागत नाही. आडनावावरून शोध मात्र बंद व्हावा, किंवा शोधणाऱ्याची नोंद खातेदाराला दिसावी. आणि प्रतिबुकातली मातीची प्रत टंकून घ्यावी, मोडी वाचणारे आहेत तोवर.

मॅन आणि कानिटकरांनी दुसरा अभ्यास केला तो शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा. तो १९२१ मध्ये छापला गेला. पिंपळे सौदागरात आता इमारती उभ्या आहेत, तिथे शेतीचा तक्ता पुढे नेणं अवघड. जातेगाव मात्र अजून गाव आहे. तिथले गट वेबवर आहेत, जुना अहवाल ग्रंथालयात आहे. तिथल्या कॉलेजातल्या मुलांनी एखादी सुट्टी घालवली तर शंभर वर्षांनंतरचे आकडे त्या जुन्या आकड्यांशेजारी बसतील. विहिरी मोजताना सामाईक तेवढ्या गावात विचारून घ्याव्यात.